प्रयोजन घडवावे लागते

माणसाने जगावे कशासाठी, हा प्रश्न आपल्या सार्वजनिक चर्चेत सहसा येत नाही. तो मठ-मंदिरांकडे सोपवला जातो, नाही तर निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारींसाठी राखून ठेवला जातो. अलीकडच्या काळात त्याला बाजारातही जागा मिळाली आहे. आयुष्याचा हेतू शोधून देणारी पुस्तके, शिबिरे, प्रवचने आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील व्याख्याने यांचा मोठा व्यापार सध्या चालतो. हेतू नावाची वस्तू प्रत्येकाच्या अंतरंगात आधीपासूनच दडलेली असते, हे या व्यापाराचे गृहीतक आहे. ती सापडली तर श्रेय शिबिराचे, आणि सापडली नाही तर दोष शोधणाऱ्याचा. पुरोगामी चळवळींतही या प्रश्नाविषयी एक प्रकारचे अवघडलेपण दिसते. ज्यांची पोटे भरली आहेत त्यांचे हे चोचले आहेत, आधी व्यवस्था बदलू द्या, मग जीवनाला अर्थ आपोआप येईल, असे उत्तर तेथे मिळते. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिले उत्तर समाजाला विसरते आणि दुसरे माणसाला.

या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा एखाद्या ठिकाणी उभे राहून करणे बरे. त्यासाठी वसई-विरार आणि त्याच्या पाठीमागचा पालघर जिल्ह्याचा आदिवासी टापू यांच्याइतके सोयीचे ठिकाण क्वचितच मिळेल. पश्चिमेला समुद्रालगत केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या, मध्ये लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना दाटीने उभ्या राहिलेल्या इमारती, आणि पूर्वेला महामार्गापलीकडे डोंगरपायथ्याचे पाडे व विटभट्ट्या. रेघ मारल्यासारखी ही तीन जगे शेजारी शेजारी नांदतात. जगण्याच्या प्रयोजनाचा प्रश्न या तिन्ही जगांत आहे, परंतु प्रत्येक ठिकाणी त्याचे रूप वेगळे आहे.

प्रारंभ पूर्वेकडून केला पाहिजे, कारण प्रश्नाचे मूळ तेथे उघडे पडते. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या या भागात 'लग्नगडी' नावाची एक प्रथा होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यावेत आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरी, त्याच्या शेतावर राबावे, असा तो व्यवहार. कर्ज फिटत नसे, कारण ते फिटू नये अशीच हिशेबाची रचना होती. नवऱ्याबरोबर नवरीही राबे आणि पुढे मुलेही. पावसाळ्यात खावटीचे धान्य घ्यावे लागे आणि त्या खावटीने गाठ आणखी घट्ट होई. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीविषयी जो अहवाल दिला, त्यात या वेठीचे वर्णन आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत हा श्रमाच्या बाजारातील बळजबरीचा व्यवहार होय. परंतु तेवढ्याने त्याचे पूर्ण वर्णन होत नाही. लग्नगड्याच्या श्रमाबरोबर त्याचा उद्याचा दिवसही गहाण पडत असे. सकाळी उठून काय करायचे, कोणासाठी करायचे, मुलाने काय व्हायचे, हे सारे दुसऱ्याच्या ओटीवर ठरे. ज्या माणसाचा उद्याच त्याचा नाही, त्याने जीवनाचा हेतू शोधावा असे सांगणे ही क्रूर थट्टा ठरते.

त्याच माणसांनी २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे जमून जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर वेठ करणार नाही आणि बारा आण्यांहून कमी रोजावर कामाला जाणार नाही, असा निर्धार केला. त्या वर्षाच्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले होते आणि वारली तेथून एक नवी ओळख घेऊन परतले होते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. या लढ्याचा हिशेब बारा आण्यांत करणाऱ्यांना तो कधी कळला नाही. बारा आणे महत्त्वाचे होतेच. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वतीने दुसऱ्यांनी ठरवले, त्यांनी स्वतः एक गोष्ट ठरवली आणि ती सर्वांनी मिळून पाळली, ही घटना बारा आण्यांहून मोठी होती. मजुरी ही मागणी होती आणि ठरवण्याचा अधिकार ही तिच्या आतली खरी मागणी होती.

या लढ्याच्या अग्रभागी असलेल्या गोदावरी परुळेकर (१९०७-१९९६) पुण्याच्या सुशिक्षित घरातल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या त्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य. त्यांच्यासाठी सुखाचा आणि प्रतिष्ठेचा मार्ग खुला होता. तो सोडून त्या पाड्यापाड्यांतून हिंडल्या आणि पुढे १९७० साली 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्यांनी लिहिले, ज्याला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचा पक्ष आणि समाजवाद्यांचा पक्ष यांच्यात मतभेदांचा मोठा इतिहास आहे. तो झाकण्याचे कारण नाही आणि येथे उगाळण्याचेही नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की गोदावरीबाईंना प्रयोजन आधी सापडले आणि मग त्या वारल्यांकडे गेल्या, असे सरळ काही घडलेले नाही. त्या कामाला गेल्या, पाड्यांवर राहिल्या, भाषा शिकल्या, आणि त्या सहवासात त्यांच्या आयुष्याला आकार आला. पुस्तकाच्या नावातला जागा होणारा माणूस एकटा वारलीच आहे असे मानण्याचे कारण नाही. जागे करणारा आणि जागा होणारा या दोघांचेही जीवन त्या प्रक्रियेत बदलते.

वेठबिगार कायद्याने संपली ती बऱ्याच उशिरा. ऑक्टोबर १९७५ मध्ये अध्यादेश निघाला आणि १९७६ साली वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा झाला. तो अध्यादेश आणीबाणीत निघाला, हा इतिहासाचा एक उपरोध: ज्या राजवटीने देशाचे स्वातंत्र्य स्थगित केले, तिनेच कागदावर वेठबिगारांना स्वातंत्र्य दिले. परंतु कागदावरचे स्वातंत्र्य पाड्यापर्यंत चालत जात नाही. ते न्यावे लागते. वसई तालुक्यात १९७९ साली विधायक संसद आणि १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली. विवेक पंडित, विद्युल्लता पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या वेठबिगारांच्या सुटकेसाठी तहसील कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, मारहाण सोसली, दावे लढवले. त्याच १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात किमान वेतनाहून कमी मजुरीवर घेतलेले काम हे राज्यघटनेच्या २३व्या कलमाने निषिद्ध केलेले सक्तीचे श्रम होत, असा निर्णय दिला. त्या निर्णयाने या लढ्याला मोठा आधार मिळाला.

सुटकेच्या कामातला सर्वांत कठीण भाग मात्र न्यायालयात नसतो. तो सुटकेनंतरच्या पहिल्या सकाळी सुरू होतो. त्या सकाळी कोणी हाक मारीत नाही, कोणी काम सांगत नाही, आणि कोणी भाकरीही देत नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःच्या दिवसाची आखणी केलेली नाही, त्याच्यासमोर तो दिवस एखाद्या मोकळ्या माळासारखा पसरतो. अशा वेळी जमीन, रोजगार, शिधापत्रिका आणि सोबत यांपैकी काहीच नसेल तर तो माणूस परत जुन्या मालकाच्या दारी जातो. शहरातले लोक मग म्हणतात की त्यांना गुलामीच आवडते. अमर्त्य सेन यांनी या भ्रमावर नेमके बोट ठेवले आहे. दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस आपल्या इच्छाच छाटून घेतो. जे मिळणे शक्य नाही ते मागायचे नाही, इतकेच नव्हे तर ते हवेसेही वाटू द्यायचे नाही, अशी मनाची तडजोड तो करतो. म्हणून त्याच्या समाधानावरून त्याच्या स्थितीचे माप घेता येत नाही. विकासाचे खरे माप, ज्या जगण्याला मोल द्यावे असे माणसाला विचारपूर्वक वाटते ते जगणे त्याला प्रत्यक्षात शक्य आहे का, हे आहे. १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या या अर्थशास्त्रज्ञाची मांडणी आणि पाड्यावरच्या कार्यकर्त्याचा अनुभव येथे एकमेकांना भेटतात.

वेठ संपली असे म्हणावे तर विटभट्ट्या समोर उभ्या आहेत. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर येतात, भोंग्यांत राहतात आणि हंगाम संपला की परततात. मुलांची शाळा त्यात बुडते. अशा मुलांसाठी विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भोंगाशाळा चालवल्या. भट्टीच्या धुरात पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या मुलीला कोणी जीवनहेतूचे व्याख्यान दिले नाही. तिला दिले गेले ते एवढेच, की आईबापांची उचल हे तिचे भवितव्य असलेच पाहिजे असे नाही. प्रयोजनाची पहिली पायरी हीच आहे. दुसरी एखादी वाट असू शकते, हे कळणे.

आता रेघ ओलांडून पश्चिमेकडे यावे. येथे दैन्य नाही. आगाशीची राजेळी केळी आणि त्यांची सुकेळी, वाड्यांतली पाने आणि भाजी, पहाटेच्या गाडीने दादरला जाणाऱ्या टोपल्या, यांवर येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वाभिमानाने संसार केले. वाडीतल्या विहिरीला आणि बावखलाला या जगण्यात मध्यवर्ती स्थान होते. पावसाचे गोडे पाणी बावखलात साठे, जमिनीत मुरे आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत येऊ देत नसे. मग मुंबई वाढत वाढत येथवर आली. वाड्यांतले गोडे पाणी टँकरमध्ये भरून बांधकामांकडे जाऊ लागले, विहिरी खारावल्या, आणि जमिनीला जो भाव आला तो केळीच्या कोणत्याही पिकाने कधी दिला नव्हता. अनेकांनी जमिनी विकल्या. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. मुलांचे शिक्षण, आजारपणे, भाऊबंदांच्या वाटण्या या साऱ्यांना पैसा लागतो.

परंतु जमीन विकून आलेल्या पैशाबरोबर एक अनपेक्षित पाहुणाही घरात आला. तो म्हणजे रिकामा दिवस. ज्याचे हात पहाटेपासून मातीत असत, त्याला अचानक करण्यासारखे काही उरले नाही. दर्शनी भागात नवे घर, दारात गाडी, आणि घराच्या मालकाला दुपार कशी घालवावी हे उमगत नाही, असे दृश्य वसईच्या गावांत अपरिचित नाही. या स्थितीचे मर्म समजून घेण्यासाठी एका जुन्या अभ्यासाचे स्मरण उपयोगी पडेल. ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावात जागतिक मंदीच्या प्रारंभी कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या तरुण समाजवादी संशोधकांनी त्या गावाचा अभ्यास करून १९३३ साली तो प्रसिद्ध केला. लोकांना आता वेळच वेळ होता. तेव्हा ते अधिक वाचतील, अधिक राजकारण करतील अशी अपेक्षा करता आली असती. घडले उलट. ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली, संघटनांमधील सहभाग घटला, आणि रस्त्यावरून चालणाऱ्या पुरुषांची चालदेखील मंदावली. मारिएन्थालमध्ये दारिद्र्य होते आणि वसईत सुबत्ता आहे, हा फरक मोठा आहे. परंतु एक धडा दोन्हीकडे समान आहे. काम माणसाला मजुरी देते, तसेच ते त्याच्या दिवसाला चौकट देते, त्याला इतरांशी जोडते, आणि आपली कोणाला तरी गरज आहे असा विश्वास देते. पैसा यांपैकी फक्त पहिल्याची जागा घेऊ शकतो.

याच भूमीत या प्रश्नाला दुसरेही उत्तर मिळाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा नागरीकरणास खुला करण्याच्या धोरणाविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) हे तिचे अग्रणी. नंदाखालचे सुपुत्र, कॅथलिक धर्मगुरू, १९८३ ते २००७ या काळात 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते आणि २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. धर्मगुरूला जीवनाचे प्रयोजन धर्म तयारच देतो, असे कोणी म्हणेल. तसे असते तर सर्व धर्मगुरू रस्त्यावर आले असते. दिब्रिटोंनी मिळालेल्या प्रयोजनाचा अर्थ स्वतः लावला. विहिरीचे पाणी, शेतकऱ्याची जमीन आणि गावावरची गुंडांची दहशत हे आपल्या श्रद्धेच्या बाहेरचे विषय नाहीत असे त्यांनी ठरवले, आणि त्यासाठी धमक्यांना तोंड दिले. त्यांच्या मागे सर्व धर्मांचे आणि जातींचे वसईकर उभे राहिले. परंपरेने दिलेले प्रयोजनही अशा रीतीने प्रत्येकाला पुन्हा घडवावे लागते. वारसाहक्काने मिळालेली वाडीदेखील कसल्याशिवाय पीक देत नाही.

हा लढा पूर्णपणे जिंकला गेला असे म्हणता येणार नाही. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. गावांना महापालिकेत घालण्याविरुद्ध मोठे जनआंदोलन झाले आणि त्याच वर्षी वसईच्या मतदारांनी विवेक पंडित यांना अपक्ष म्हणून विधानसभेवर पाठवले. तरीही इमारती वाढतच गेल्या. मग या साऱ्याचे फलित काय? जीवनाच्या प्रयोजनाचे मोल यशावरून ठरवण्याची सवय बाजाराने लावली आहे, म्हणून हा प्रश्न पडतो. पश्चिम पट्ट्यात आज जी हिरवळ उरली आहे ती त्या लढ्याशिवाय इतकी उरली नसती, हे तर आहेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काही गावांतील तरुण गेल्या काही वर्षांत राडारोड्याने बुजत चाललेली बावखले पुन्हा उपसू लागले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचा जन्म त्या चळवळीच्या भरतीनंतरचा आहे. एका पिढीचे अपुरे काम पुढच्या पिढीला हाताशी मिळणे, हेही फलितच आहे.

तिसरे जग लोहमार्गाचे. २०११च्या जनगणनेनुसार या महापालिकेची लोकसंख्या १२,२२,३९० होती आणि त्यानंतर ती पुष्कळ वाढली आहे. यांतले बहुसंख्य लोक मुंबईत परवडेना म्हणून नालासोपारा-विरारला आले. विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटर. घरापासून स्थानक, गाडी, आणि स्थानकापासून कामाची जागा असे जाण्यायेण्याचे दिवसाचे चार तास धरले आणि वर्षाचे ३०० दिवस, तर वर्षाला १,२०० तास होतात. तीस वर्षांच्या नोकरीत ३६,००० तास. आठ तासांच्या कामाच्या दिवसांत मांडले तर हे ४,५०० दिवस, म्हणजे पंधरा वर्षांची नोकरी. तीस वर्षे नोकरी करणारा विरारचा कामगार प्रत्यक्षात पंचेचाळीस वर्षांचे श्रम करतो आणि त्यांतल्या पंधरा वर्षांचा मोबदला त्याला कोणी देत नाही. ही पंधरा वर्षे कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोष्टकात खर्ची पडलेली दिसत नाहीत. परंतु मुलांशी बोलणे, वाचणे, एखादे वाद्य शिकणे, मोहल्ल्याच्या सभेला जाणे, ज्यांतून माणसाच्या आयुष्याला अर्थ येतो त्या साऱ्या गोष्टी याच वेळातून व्हायच्या होत्या.

आणि तरीही माणसे हार मानीत नाहीत. विरारच्या गाडीत टाळांच्या साथीने भजन करणारी मंडळे प्रसिद्ध आहेत. दसऱ्याला डबा फुलांनी सजवला जातो. बायकांच्या डब्यात परतीच्या वाटेवर भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होते, कोणाच्या मुलीचे लग्न ठरल्याची बातमी साऱ्या डब्याची होते. या मंडळांची दुसरी बाजूही आहे. आपल्या गटाखेरीज इतरांना डब्यात शिरू न देण्याची दादागिरी अनेकांनी सोसली आहे. सोबत आणि टोळी यांच्यातली सीमा अशी अरुंद असते. परंतु ज्या चार तासांना काहीच अर्थ नव्हता, त्यांना या माणसांनी अर्थ दिला, तो त्यांच्या अंतरंगात शोधून सापडलेला नाही, तो उभ्या उभ्या, घामेजलेल्या गर्दीत, एकमेकांच्या साह्याने तयार केलेला आहे.

या वर्गाच्या जीवनाचे एक प्रयोजन मात्र बाजाराने ठरवून दिले: स्वतःची खोली. ती घेण्यासाठी दागिने मोडायचे, कर्ज काढायचे, वीस वर्षे हप्ते फेडायचे. न्यायालयाच्या आदेशानुसार नालासोपारा पूर्वेकडील ४१ अनधिकृत इमारती २०२४-२५ मध्ये पाडण्यात आल्या. ती जमीन सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि क्षेपणभूमी यांसाठी राखीव होती. कायद्याच्या दृष्टीने निर्णय योग्य असेल. परंतु तेथे राहणाऱ्या कुटुंबांच्या भिंती कोसळल्या तेव्हा त्यांच्या वीस वर्षांच्या कष्टांचे कारणच नाहीसे झाले. बांधणारे आणि विकणारे यांच्यासाठी तो नफ्यातोट्याचा एक व्यवहार होता. घर हे माणसाचे हक्काचे साधन असावयास हवे. समाज ते साधन सुरक्षितपणे पुरवीत नाही, म्हणून ते आयुष्याचे साध्य होऊन बसते. ज्या समाजात निवारा मिळवण्यातच आयुष्य संपते, त्या समाजाने नागरिकांना उच्च ध्येये बाळगण्याचा उपदेश करू नये.

येथे एक आक्षेप येईल. व्हिक्टर फ्रँकल या व्हिएन्नाच्या मनोवैद्याने नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत परतल्यावर १९४६ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात त्याने दाखवले की अत्यंत हीन परिस्थितीतही माणूस आपल्या दुःखाकडे कसे पाहावे हे ठरवू शकतो, आणि ज्याच्यापुढे जगण्याचे काही कारण आहे तो अधिक सोसू शकतो. मग परिस्थितीचा एवढा बडेजाव कशाला? याचे उत्तर असे, की फ्रँकलची साक्ष माणसाच्या सामर्थ्याविषयी आहे; तिचा उपयोग छावणीच्या समर्थनासाठी करता येत नाही. दुःखात अर्थ शोधता येतो, परंतु जे दुःख टाळता येते ते टाळणे हेच अर्थपूर्ण आहे, असे फ्रँकलही मानत असे. वेठबिगारानेही आपल्या झोपडीत प्रेम केले, गाणी म्हटली, भिंतीवर चित्रे काढली. त्यामुळे वेठ क्षम्य ठरत नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे आणि तो समाजवाद्यांनी स्वतःलाच विचारला पाहिजे. परिस्थिती समाजाने घडवायची, तर प्रयोजनही समाजानेच का देऊ नये? विसाव्या शतकात हा प्रयोग झाला. राष्ट्राच्या, वंशाच्या, पक्षाच्या नावाने कोट्यवधींना जीवनाचे ध्येय वाटून देण्यात आले, आणि ज्यांनी ते नाकारले त्यांची रवानगी छावण्यांत झाली. वरून लादलेले प्रयोजन ही वेठच असते. तिचा सावकार तेवढा बदलतो. आजही घोषणा, झेंडे आणि शत्रूची भीती यांतून तरुणांना तयार प्रयोजन पुरवणारे कमी नाहीत. ज्या तरुणाला काम नाही, वेळेला आकार नाही आणि कोणाला आपली गरज आहे असे वाटत नाही, तो या तयार मालाचा पहिला गिऱ्हाईक असतो. बेकारीचे हे मूल्य अंदाजपत्रकात कधी दिसत नाही, पण लोकशाहीला ते चुकवावे लागते.

तेव्हा समाजाचे कर्तव्य आणि व्यक्तीचे कर्तव्य वेगवेगळे ओळखले पाहिजे. समाजाने अर्थ पुरवायचा नाही. अर्थ घडवण्यासाठी लागणारी साधने आणि जागा पुरवायच्या. भट्टीवरच्या मजुराला किमान वेतन आणि त्याच्या मुलीला शाळा, सुटका झालेल्याला जमीन आणि रोजगार, विरारच्या कामगाराला घराजवळ काम किंवा निदान बसायला मिळेल अशी गाडी, गावाला आपल्या जमिनीच्या आराखड्याविषयी बोलण्याचा खरा अधिकार, वस्तीत ग्रंथालय, सभागृह आणि मोकळे मैदान. हे पुष्कळांना रटाळ वाटेल. परंतु महापालिकेच्या विकास आराखड्यात मैदानाचे आरक्षण उठते, तेव्हा त्या मैदानावर जी माणसे एकमेकांना भेटली असती त्यांच्या आयुष्यातला काही अर्थही उठतो. आराखड्यावर हरकत नोंदवणे हे या दृष्टीने तत्त्वज्ञानाचेच काम आहे.

व्यक्तीचे कर्तव्य त्याच्या पुढे सुरू होते आणि तेथे कोणतीही योजना मदतीला येत नाही. निवृत्त कारकून, जमीन विकलेला शेतकरी, मुले परगावी गेलेली गृहिणी किंवा पदवी घेऊन बसलेला तरुण, यांनी अंतर्मुख होऊन हेतू प्रकट होण्याची वाट पाहू नये. जवळच्या एखाद्या कामाला हात घालावा. ते काम आपण स्वतः निवडलेले असावे, त्याचा लाभ आपल्याखेरीज आणखी कोणाला तरी व्हावा, आणि आपण थकलो तर दुसऱ्याला ते उचलता यावे. पाड्यावरच्या मुलाला गणित शिकवणे, बुजलेले बावखल उपसायला जाणे, गृहनिर्माण संस्थेचा हिशेब चोख ठेवणे, मजुराला न्यायालयात सोबत करणे, यांपैकी कोणतेही काम लहान नाही. पहिल्या दिवशी ते उपरे वाटेल. वर्षभराने त्यात गुंतलेली माणसे आपली झालेली असतील, आणि जगावे कशासाठी हा प्रश्न विचारायला सवड उरलेली नसेल. त्या प्रश्नाचे जे उत्तर मिळण्याजोगे आहे, ते याच वाटेने मिळते.

झरीला जमलेल्या वारल्यांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. जीवनाच्या हेतूवरचे एकही व्याख्यान त्यांनी ऐकले नव्हते. उद्या कोणाच्या शेतावर जायचे नाही, एवढेच त्यांनी एकत्र बसून ठरवले. आपल्या उद्याविषयी एकत्र बसून काही ठरवण्याची सवय ज्या समाजात टिकून असते, त्या समाजातील माणसांना जगण्याचे कारण बाजारातून विकत आणावे लागत नाही.